पालेभाजीतील नायट्रेट आणि आपल्या घरातील मुले
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



पालक मेळाव्यात मी पालकावर बोलणार आहे, असे चिटणीस साहेबांना कळवले तेव्हा त्यांना वाटले की मी आपणा सर्वांच्या तक्रारी मांडणार. तसे नाही. मी भाजीच्या पालकावर बोलणार आहे. माठ, चवळई, मेथी, मुळ्याचा पाला हेही त्यात आलेच. प्रथमच कबुली देतो की मी विज्ञानाचा माणूस नाही. बी.ए., बी.एड. झालो, मराठी आणि इतिहास शिकवतो. आमच्या विज्ञानाच्या बाईंना मी गेले काही महिने मधल्या सुट्टीत चहा थंड होईपर्यंत प्रश्न विचारून सतावले आहे. त्यांनी जे समजावले आणि मी जे वाचले, ते आपल्या भाषेत सांगतो.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो आठवीच्या वर्गात. पावसाळ्याचे दिवस होते, विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या आणि त्यांचा तास मला मिळाला. आहाराचा धडा होता. मी सहज विचारले, आठवड्यातून दोनदा पालेभाजी कोण खाते? हात फार थोडे वर आले. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्याकडे पालक, माठ सगळे बंद केले आहे. अब्बांच्या मोबाईलवर आले होते, पालेभाजीत युरियाचे विष असते, लहान बाळ निळे पडते." घरात कोण कोण आहे म्हणून विचारले. मोठी बहीण दहावीला, तिला डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिलेल्या. आणि चार महिन्यांचा भाऊ. त्याला आईचे दूध पुरत नाही म्हणून पावडरचे दूध चालू. पाणी कोणते वापरता? ती अभिमानाने म्हणाली, "बोअरिंगचे, पण अम्मी वीस मिनिटे उकळते."

त्या दिवशी मला त्या उत्तरातले काहीच कळले नाही. मी "शाब्बास" म्हणालो. बाई रजेवरून आल्यावर त्यांना हा प्रसंग सांगितला, तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्या घराने भीती बरोबर धरली होती, पण ती चुकीच्या भांड्यावर ठेवली होती. हे कसे, ते सांगण्यासाठीच आज उभा आहे.

नायट्रेट म्हणजे काय? इतिहासाच्या शिक्षकाला ते शोऱ्याच्या रूपाने माहीत असते. बंदुकीच्या दारूत जो शोरा घालत, तो पोटॅशियमचे नायट्रेटच. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त बादशहाचे पिण्याचे पाणी शोऱ्याने गार करण्याची रीत दिली आहे; सुरईच्या बाहेरच्या पाण्यात शोरा विरघळला की ते पाणी थंड होते. हाच नायट्रेट प्रत्येक सुपीक जमिनीत असतो. झाडाला प्रथिने बनवायला नत्र लागते, आणि बहुतेक झाडे ते नायट्रेटच्या रूपाने मुळांतून ओढून घेतात. शेणखत घाला, युरिया घाला, गटाराचे पाणी सोडा, मातीतले जंतू त्यातील नत्राचे शेवटी नायट्रेटच करतात. आपल्या चेंबूर-ट्रॉम्बेला १९६५ साली खताचा कारखाना सुरू झाला, १९७८ पासून तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा झाला, आणि त्याच्या 'सुफला'च्या गोण्या गावोगावी गेल्या. खताने देशाचे पोट भरले, हे विसरून चालणार नाही. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. मूठभर जास्त टाकला की पाला काळाभोर हिरवा होतो, वजन भरते, गिऱ्हाईक खूश होते. मग शेतकऱ्याचा हात कसा आखडावा?

झाड नायट्रेट ओढते ते मुळाने, पण त्याचे प्रथिन करते ते मुख्यतः पानात, सूर्यप्रकाशाच्या जोरावर. ऊन कमी पडले की काम तुंबते आणि नायट्रेट साठून राहते. म्हणून ढगाळ पावसाळ्यातल्या भाजीत ते जास्त, पहाटे खुडलेल्या भाजीत संध्याकाळच्या भाजीपेक्षा जास्त, आणि पानापेक्षा देठात व जाड शिरांत जास्त. टोमॅटो, कांदा, वाटाणा यांत ते थोडे असते. पालक, माठ, मुळा, बीट यांत मात्र एका किलोला हजार, दोन हजार मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक सापडते. युरोपात ताज्या पालकाला किलोमागे ३५०० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे, यावरून कल्पना यावी.

आमच्या मुलांनी याची गंमत वर्गात पाहिली. घरी काचेच्या पेटीत मासे पाळणारे लोक पाणी तपासायला नायट्रेटच्या पट्ट्या वापरतात. आमच्या एका विद्यार्थ्याला माशांचा भारी नाद, त्याने कुर्ल्याहून पट्ट्यांची डबी आणली. पालकाची पाने वेगळी, देठ वेगळे वाटून, गाळून, भरपूर पाणी घालून पट्ट्या बुडवल्या. देठाची पट्टी जास्त गडद गुलाबी झाली. ही प्रयोगशाळेची मोजणी नव्हे, रंगावरून केलेला अंदाज आहे, हे मुलांना बजावले. तरी पोरे दिवसभर त्या दोन पट्ट्या वर्गावर्गात दाखवत हिंडत होती.

आता विष आणि अन्न यांतला फरक. नायट्रेट स्वतः फारसे उपद्रवी नाही. ते पोटातून रक्तात जाते आणि बरेचसे लघवीवाटे निघून जाते. पण सुमारे चौथा भाग लाळेत परत येतो, आणि जिभेवरचे जंतू त्यातल्या काही भागाचे नायट्राइट करतात. हिशेब केला तर खाल्लेल्या नायट्रेटपैकी शेकडा ५ ते ७ भाग असा नायट्राइट बनतो. खोडकर आहे तो हा धाकटा भाऊ. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला बदलून टाकतो. बदललेल्या हिमोग्लोबिनला मेथिमोग्लोबिन म्हणतात (मेथीच्या भाजीशी याचा काही संबंध नाही, वर्गात हा प्रश्न आलाच होता), आणि ते प्राणवायू वाहून नेत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात ते पुन्हा मूळ रूपात आणणारे एक विकर असते, म्हणून आपल्याला काही होत नाही. तीन-चार महिन्यांच्या बाळात ते विकर अपुरे असते, पोटातले आम्लही कमी असते, त्यामुळे तिथे जंतूंना रान मोकळे मिळते. बाळाचे ओठ, नखे, तोंडाची आतली बाजू निळसर-करडी पडते, रक्त चॉकलेटसारखे तपकिरी दिसते. मोबाईलवरचे निळे बाळ खोटे नव्हते. पण ते पालक खाऊन निळे पडले, असे बहुधा नसते.

१९४५ साली अमेरिकेच्या आयोवा प्रांतातील हंटर कॉमली या डॉक्टरांनी प्रथम हा आजार नीट ओळखून लिहिला. त्यांच्याकडे आलेली बाळे शेतावरच्या घरांतली होती, आणि त्यांचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवले जात होते. विहिरीत नायट्रेट झिरपले होते. घरचे लोक तेच पाणी पिऊन ठणठणीत होते, बाळ मात्र निळे. म्हणून पिण्याच्या पाण्याला आपल्या भारतीय मानकाने लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा घातली आहे, आणि त्यात सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ५० आहे.

माता-भगिनींनो, आता एकच गोष्ट ध्यानात ठेवा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट वाफ होऊन पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण वाढते. ती माउली वीस मिनिटे गॅस जाळून, डोळ्यांत तेल घालून बाळाची काळजी घेत होती, आणि तिला हे कोणी सांगितलेच नव्हते. तिच्या शिक्षकानेही नाही. त्याने तर "शाब्बास" म्हटले.

मी त्या मुलीच्या वडिलांना शाळेत बोलावले. ते रिक्षा चालवतात, मूळचे बीड जिल्ह्यातले. येताना बोअरिंगचे पाणी बाटलीत आणायला सांगितले होते. पट्टी बुडवली, आणि ती डबीवरच्या ५० च्या रंगाच्याही पुढे गेली. त्यांनी ती पट्टी हातात घेतली आणि म्हणाले, "सर, पालक बंद केला तेव्हा आम्हाला वाटले आम्ही बाळाला वाचवले." त्यानंतर त्यांनी बाळाच्या दुधासाठी महापालिकेच्या नळाचे पाणी वेगळे भरायला सुरुवात केली. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचे पाणी येते, ते धरणाचे पाणी आहे, वस्तीखालच्या जमिनीतून उपसलेले नव्हे. बाळ सुखरूप होते आणि आहे. बोअरिंगचे पाणी भांडी-कपड्यांना खुशाल वापरा.

उपनगरांत टँकर आणि बोअरिंग यांच्याशिवाय अनेक वस्त्यांचे पान हलत नाही, हे मला माहीत आहे. तरीही माझी खरी चिंता मे महिन्याची आहे. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे सुट्टीत तान्ह्या बाळांना घेऊन गावी जातात. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातील ४४० जिल्ह्यांत कुठे ना कुठे भूजलातील नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले आहे, आणि सर्वांत त्रस्त अशा पंधरा जिल्ह्यांत आपल्या महाराष्ट्राचे सात आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. खताची मात्रा, गोठ्याचे शेण, विहिरीजवळचे शौचखड्डे, सगळे पावसाबरोबर खाली मुरते. ज्या बाळाला आईचे दूध मिळते त्याची फारशी चिंता नको. आईने खाल्लेले नायट्रेट दुधात फारसे उतरत नाही. म्हणून बाळंतिणीचा पालकही बंद करू नका. प्रश्न आहे तो पावडरच्या दुधाचा आणि ते ज्या पाण्यात कालवतो त्याचा.

मग भाजीचे काय? ती अगदी निर्दोष का? नाही, आणि मी ते लपवणार नाही. १९६० च्या दशकात जर्मनीत काही बाळे पालकाच्या खिमटीने निळी पडली होती. ती खिमट शिजवून तशीच ठेवलेली होती. शिजलेली पालेभाजी उबदार हवेत राहिली की जंतू तिच्यातल्या नायट्रेटचे नायट्राइट भांड्यातच करून ठेवतात. पुन्हा गरम करणे हा गुन्हा नाही. गुन्हा आहे मधले तास. मुंबईच्या हवेत सकाळची भाजी संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहते, तेव्हा काय होत असेल? रमझानमध्ये इफ्तारनंतर केलेले पालक-गोश्त सहरीला खातो, तेव्हा ते रात्रभर ओट्यावर न ठेवता निवले की लगेच फ्रीजमध्ये ठेवावे, तिथे जंतूंचे काम फार मंदावते. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी सहरीला दुसरे काही करावे.

माझ्या स्वतःच्या घरची गोष्ट सांगतो. माझी मुलगी पाच महिन्यांची असताना माझ्या अम्मीने तिला चमच्याने पालकाचे पाणी देण्याचा बेत केला. "तुला मी हेच देऊन वाढवले," हे तिचे म्हणणे. पत्नीचा विरोध, अम्मीचा हट्ट, मी मध्ये अडकलेलो. आज कळते की त्या वादात पत्नीचे म्हणणे बरोबर होते. भाजी उकळली की तिचे बरेचसे नायट्रेट, कधीकधी निम्म्याच्या आसपास, पाण्यात उतरते. म्हणजे बाळाला आपण नेमके जे देऊ नये तेच देत होतो. सहा महिन्यांआधी पालक-बीट नको. नंतर द्यायचा तर देठ काढून, ताजा शिजवून, पाणी टाकून, लगेच भरवावा. आणि बाळाला जुलाब होत असतील तर त्या दिवसांत मुळीच नको, कारण तेव्हा त्याच्या पोटात नायट्राइट अधिक बनते. अम्मीला हे समजावताना मी आकडे सांगितले नाहीत. म्हटले, अम्मी, पाणी फेकून पाने दे. ते तिने मान्य केले.

मोठ्यांसाठी हिशेब वेगळा आहे. तज्ज्ञांनी शरीराच्या दर किलोमागे रोज ३.७ मिलिग्रॅम नायट्रेट ही आयुष्यभराची सुरक्षित मर्यादा ठरवली आहे. साठ किलोच्या माणसाला २२२ मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम पालकातच दोनशे निघू शकते. वीस किलोच्या मुलाची मर्यादा ७४, आणि पन्नास ग्रॅम पालकाने ती ओलांडली जाऊ शकते. एवढे ऐकून घाबरू नका. हा आकडा उंदरांवरच्या दीर्घ प्रयोगात जी मात्रा निरुपद्रवी ठरली तिचा शंभरावा भाग आहे, आणि तोही जन्मभर रोज खाण्याचा. आठवड्यातून दोन-तीनदा पालेभाजी खाणाऱ्या मुलाची सरासरी खूप खाली येते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ साली हा सारा हिशेब मांडून निष्कर्ष काढला की नायट्रेटच्या धास्तीपेक्षा भाजीचे फायदे मोठे आहेत.

कर्करोगाचे नाव निघते तेही सांगतो. नायट्राइट आणि प्रथिनांचे काही भाग पोटात एकत्र आले तर नायट्रोसामाइन नावाची घातक द्रव्ये बनू शकतात. पण भाजीत सोबत क जीवनसत्त्व असते आणि ते ही क्रिया रोखते. आपल्या बायका भाजीवर लिंबू पिळतात, त्यात चवीपलीकडचे शहाणपण आहे. डबाबंद सॉसेज आणि सलामीत रंग-टिकावासाठी नायट्राइट मुद्दाम घातलेले असते, ते चिकनचे असोत की आणखी कशाचे. मुलांच्या डब्यात पालकाऐवजी ते जाऊ लागले आहेत. डबे मी पाहतो. विषाला घाबरून भाजी काढली आणि त्या जागी हे आले, याला काय म्हणावे?

नायट्रेटची दुसरी बाजू तर आणखी नवलाची. १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो, या शोधासाठी. पुढे दिसून आले की भाजीतल्या नायट्रेटपासूनही शरीर हा वायू बनवते. २००८ साली लंडनमध्ये निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटचा रस पाजला, तर काही तासांत त्यांचा रक्तदाब उतरला. जो जिभेवरचा जंतू आपण मघाशी खलनायक केला, त्याच्याशिवाय हे होत नाही.

आता रुळांकडे वळतो, कारण हा प्रश्न मला नक्की विचारला जाईल. १९७० च्या दशकात 'अधिक धान्य पिकवा' म्हणून रेल्वेने रुळालगतची मोकळी जमीन आपल्या कर्मचाऱ्यांना भाजीसाठी दिली. आपण लोकलच्या दारात उभे राहून वर्षानुवर्षे ते पालक-माठाचे हिरवे पट्टे पाहिले, आणि त्यांना नाल्याचे पाणी घालतानाही पाहिले. सांडपाण्यात नत्र भरपूर, म्हणून तिथला पाला लुसलुशीत आणि त्यात नायट्रेटही साठणारच. पण तिथला मोठा दोष नायट्रेट नव्हे. नाल्यातले जंतू आणि शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू ही खरी तक्रार. धातू धुऊन जात नाहीत, शिजवूनही जात नाहीत. अलीकडच्या काळात यातले अनेक मळे बंद झाले. मात्र त्या माळ्यांना शिव्या देणाऱ्यांत मी नाही. स्वच्छ पाणी त्यांना कोणी दिले असते तर त्यांनी नाल्याचे घेतले नसते. भाजी घेताना ती कुठली हे विचारावे. वाशीच्या बाजारातून आली की जवळच्या नाल्याकाठची. विक्रेते खरे सांगतात असे नाही, पण विचारणारी गिऱ्हाइके वाढली की उत्तरे सुधारतात.

दहावीतल्या त्या बहिणीकडे परत येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींत शेकडा ५९ जणी रक्तक्षयी निघाल्या. पालकातले लोह शरीराला सहज मिळत नाही, ही गोष्ट खरी. पालक खाऊन रक्त झटपट वाढते हा गैरसमज आहे, तिने गोळ्या घ्यायलाच हव्यात. परंतु रक्त तयार होण्यास लागणारे फोलिक आम्ल या पाल्यात भरपूर आहे, आणि थोड्याथोडक्या पैशांच्या वाट्यांवर भागवणाऱ्या घरात त्याला स्वस्त पर्याय नाही. ज्या मुलीला सर्वांत जास्त गरज होती, तिच्याच ताटातून भाजी गेली होती. आता ती परत आली आहे, असे धाकटीने सांगितले. देठ काढून करतात म्हणे. मोठ्यांसाठी देठ काढायची गरज नव्हती, पण मी काही बोललो नाही.

डबीत अजून अकरा पट्ट्या शिल्लक आहेत. सुट्टीत ज्यांच्याकडे पावडरच्या दुधावरचे बाळ गावी जाणार आहे, त्यांनी आधी गावाहून येणाऱ्या कुणाच्या हाती विहिरीचे वाटीभर पाणी स्वच्छ बाटलीत मागवून घ्यावे आणि शनिवारी शाळा सुटल्यावर विज्ञानाच्या खोलीत आणावे. बाई तिथे असतील. मीही असेन, पट्टी धरायला.